सेन्सर बदलायच्या आधी मीटर लावून बघा

या महिन्यात कूलर आणि मिक्सरचे प्रश्न बाजूला ठेवतोय, कारण ओव्हनचीच पत्रं ढीगभर आली. सुट्ट्या लागल्या, पोरं घरी, केक-बिस्किटांची फर्माईश चालू, आणि नेमका तेव्हाच ओव्हन रुसतो. बहुतेक पत्रांत एकच वाक्य आहे, "मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेला". सेन्सर जातो, नाही असं नाही, पण जेवढ्या वेळा गेला म्हणून सांगतात तेवढ्या वेळा तो गेलेला नसतो हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न (मानेवाडा, एक ताई) : दादा, मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. किचनमध्ये कॅबिनेटात बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे, वॉरंटी केव्हाच संपली. आता काही दिवसांपासून १८० वर लावला तरी केक मधून कच्चा राहून राहिला, वरून बघितलं तर एकदम ठीक, सुरी घातली की ओला. मधेच स्क्रीनवर एरर येतो, बंद करून चालू केला की जातो. मेकॅनिक आला, त्यानं मागून सेन्सरचा प्लग काढून मल्टिमीटर लावला आणि म्हणे ११६२ येऊन राहिलं, १०८० यायला पाहिजे, सेन्सर गेला. मी व्हिडिओ पाहिले तर तिथंही १०८० ते ११००च सांगतात. म्हणजे तो खरंच बोलतो ना? टाकून घेऊ का नवीन?

उत्तर : ताई, नका टाकू, निदान आत्ताच तरी नका. मला एक सांगा, मेकॅनिक किती वाजता आला होता? दुपारी आला असेल तर तुमचा सेन्सर बिचारा एकदम बरोबर बोलून राहिलाय.

असं आहे बघा. तुमच्या ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीपेक्षा बारीक अशी एक स्टीलची नळी बाहेर आलेली दिसेल, तोच सेन्सर. तिच्या टोकाशी प्लॅटिनमचा बारीकसा तुकडा असतो, आणि प्लॅटिनम जसजसं तापतं तसतसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो, तोही इतका शिस्तीत वाढतो की ओव्हनचा कंट्रोल बोर्ड त्यावरून टेम्परेचर काढतो. शून्य डिग्रीला बरोबर १००० ओहम, म्हणून याला पीटी-१००० म्हणतात, आणि पुढं दर डिग्रीला साधारण ३.९ ओहम वाढत जातात. २० डिग्रीला १०७८, २५ ला १०९७. आता ते व्हिडिओ कुठले असतात? जिथं घरात बाराही महिने २०-२२ डिग्री असतं तिथले, म्हणून ते १०८० सांगतात, त्यांचं चुकत नाही. पण आपल्याकडं नागपुरात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, किचनची भिंत पश्चिमेची, एक्झॉस्ट बंद, आत आरामात ४२ असतं, आणि ४२ डिग्रीला चांगल्या सेन्सरचं रीडिंग ११६३ येतं. तुमचं ११६२ आलं. हाच सेन्सर डिसेंबरात सकाळी १२ डिग्रीला मोजा, १०४७ दाखवेल, आणि तेव्हा हाच मेकॅनिक म्हणेल कमी येऊन राहिलं, गेला! म्हणून सेन्सर मोजताना त्याच्या शेजारी थर्मामीटर ठेवल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही, नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, तर मुळीच नाही.

मग केक कच्चा काहून राहतो? खरा प्रश्न तो आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट महत्त्वाची आहे, एरर येतो आणि जातो. सेन्सर आतून तुटला असता तर एरर कायमचा बसला असता. येऊन-जाऊन करणारा एरर म्हणजे बहुतेक वेळा कुठंतरी जोड ढिला आहे नाहीतर गंजलाय. आणि कच्च्या केकशीही ते जुळतं, कसं ते बघा. बोर्डाला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त तारेच्या टोकाशी किती ओहम येतात तेवढं दिसतं. कनेक्टरमध्ये गंज चढला आणि तिथं ४० ओहम जास्तीचे तयार झाले तर बोर्डाला वाटतं आत दहा-अकरा डिग्री जास्त आहे, तो हीटर लवकर बंद करतो, स्क्रीनवर १८० आणि आत १७०च्या खाली. ओहम जास्त झाले की ओव्हन थंड, एवढं ध्यानात ठेवा. आपल्याकडं गंज चढायला कारणंही भरपूर, उन्हाळ्यात कूलरची ओली हवा किचनपर्यंत येते, बाकीचे दिवस फोडणीचा तेलकट धूर.

आता करायचं काय. आधी ओव्हनची एमसीबी पाडा, नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही. ओव्हन रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी उठून करा, कारण तासाभरापूर्वी केक काढला असेल तर आतली भिंत अजून कोमट असते आणि रीडिंग वर जातं. मीटर २००० ओहमच्या रेंजवर ठेवा, २०० वर ठेवला तर तो नुसता १ दाखवेल किंवा ओएल, म्हणजे आकडा रेंजच्या बाहेर, आणि लोकांना वाटतं सेन्सर उडाला. मीटर साधा तीन-चारशेचा असला तरी चालेल, फक्त पाच-दहा ओहमच्या फरकावरून भांडू नका, तेवढी चूक त्या मीटरचीच असू शकते.

पहिलं माप सेन्सरच्या प्लगवर, जसं तुमच्या मेकॅनिकनं घेतलं. दुसरं माप बोर्डाकडच्या टोकाला, म्हणजे प्लग परत जोडायचा, बोर्डावरून ती तारेची जोडी काढायची आणि तिथून मोजायचं. ते माप घेताना दुसऱ्या कुणाला तरी तार आणि प्लग हळूच हलवायला सांगा. दोन्ही ठिकाणी आकडा सारखा, एक-दोन ओहमचाच फरक, आणि हलवल्यावरही स्थिर, तर तार ठीक आहे. बोर्डाकडं एकदम वीस-तीस-पन्नास जास्त येऊन राहिले किंवा हलवल्यावर आकडा नाचतो, तर चोर सापडला. शिवाय सेन्सरच्या एकेका पिनपासून ओव्हनच्या बॉडीपर्यंत मोजा, तिथं काहीच रीडिंग यायला नको. आलं तर मात्र सेन्सर आतून बॉडीला टेकलाय, तो बदलायचाच. तुमच्या मेकॅनिकनं फक्त पहिलं माप घेऊन सोडलं, बाकीचं केलंच नाही.

तरी मनात शंका असेल तर घरातच पक्की परीक्षा घेता येते. आतल्या बाजूनं नळीचे दोन स्क्रू काढा, नळी हळूच पुढं ओढा, तारेला आधी दोरा बांधून ठेवा, कारण ती सटकून मागच्या ग्लासवुलमध्ये गेली की मग अख्खा ओव्हन बाहेर काढावा लागतो, आणि ग्लासवुलला उघड्या हातानं शिवू नका, दोन दिवस खाजवत बसाल. स्टीलच्या ग्लासात बर्फ कुटून थोडं पाणी घाला, नळीचं टोक दोनेक इंच त्यात, प्लग कोरडा ठेवायचा. पाच मिनिटांनी १००० च्या आसपास आलं पाहिजे. मग उकळत्या पाण्यात. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर आहे म्हणून आपल्याकडं पाणी शंभरला नाही, ९९ डिग्रीच्या आसपास उकळतं, त्याला १३८१ यायला पाहिजे. हे दोन्ही आकडे जुळले तर सेन्सर चांगला आहे, मग कुणी काही का म्हणेना. काही ओव्हनमध्ये पीटी-५०० असतो, त्याचे सगळे आकडे बरोबर निम्मे धरा, नाहीतर बर्फात ५०० बघून उगाच घाबराल.

जोड खराब निघाला तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, साफ होत नसेल तर ते टर्मिनल कापून नवीन टर्मिनल दाबून बसवा. आणि इथं बरेच मेकॅनिक घोळ घालतात, सोल्डर मारून वर काळी टेप गुंडाळतात. साधं सोल्डर १८३-१९० डिग्रीला वितळतं ताई! ओव्हनच्या मागं एवढं नसलं तरी तापतं बरंच, तिथं ते हळूहळू सुटतं, टेपचा गोंद वाहतो, आणि घरगुती पीव्हीसी वायर तर ७० डिग्रीपर्यंतच चालते. तिथं फायबरग्लासच्या कव्हरची वायर आणि सिरॅमिकचा कनेक्टर पाहिजे, सीताबर्डीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांमध्ये विचारा, स्वस्तात मिळतं.

सगळं झालं की शेवटी आतलं खरं टेम्परेचर बघा. जाळीला लटकवायचं ओव्हन थर्मामीटर मिळतं, ते मधल्या जाळीवर मधोमध लावा, ओव्हन रिकामा, १८० वर पाऊण तास चालू द्या. बीप वाजली म्हणजे तापला असं समजू नका, बीप वाजते तेव्हा हवा तापलेली असते, भिंती तापायच्या असतात. मग काट्याचे वरचे आणि खालचे आकडे तीन-चार वेळा लिहून त्यांची सरासरी काढा. हीटर चालू-बंद होत असतो त्यामुळं चांगला ओव्हनसुद्धा दहा-पंधरा डिग्री वर-खाली जातो, एकदा १९२ दिसलं की लगेच मला पत्र नका लिहू. सरासरी सारखीच दहा कमी येत असेल तर बऱ्याच ओव्हनच्या सेटिंगमध्ये ते जुळवून घ्यायची सोय असते, मॅन्युअल बघा. पण जोड दुरुस्त करायच्या आधी ते करू नका, आज दहा वाढवाल आणि उद्या जोड नीट टेकला की केक करपेल. सेन्सर ठीक, तार ठीक, सरासरी तरीही भलतीच, तर मग बोर्ड.

प्रश्न (नंदनवन, रिटायर्ड काका) : आमच्याकडं ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, मिसेस नानकटाई करतात. आता नॉब १५० वर ठेवला तरी खालून कोळसा. वाचून वाचून मीही सेन्सर शोधून राहिलो, पण आत तुम्ही म्हणता तशी नळी-बिळी आणि प्लग काही सापडत नाही. आमच्या ओटीजीत सेन्सर टाकायचा विसरले का?

उत्तर : नाही हो काका, विसरले नाहीत. नॉबवाल्या ओटीजीत बोर्ड नसतो म्हणून तसा सेन्सरही नसतो, थर्मोस्टॅट असतो. लहान ओटीजीत नॉबच्या मागंच दोन धातूंची पट्टी असते, तापली की वाकते आणि कॉन्टॅक्ट उघडते. मोठ्यात तांब्याची केसासारखी बारीक नळी असते, तिच्या टोकाला पेनाच्या रिफिलएवढा बल्ब, आत द्रव भरलेलं. ते तापून फुगतं आणि नॉबमागची चकती ढकलून हीटर बंद करतं. तुमच्या आतल्या बाजूच्या भिंतीला क्लिपमध्ये काही अडकवलेलं दिसतं का बघा. तो बल्ब क्लिपमधून निघून खाली किंवा बाहेरच्या पत्र्याकडं लोंबत असेल तर त्याला आतली गर्मी कळतच नाही आणि हीटर चालूच राहतो. परत क्लिपमध्ये बसवा, नळीला काटकोनात मुरडू नका.

बल्ब जागेवर आहे आणि तरी करपतं तर बहुतेक द्रव गळलंय. हे ओळखायला सोपं आहे, नॉब १५० वर ठेवून रिकामा चालू करा आणि समोर बसा. चांगला असेल तर काही वेळानं टक असा आवाज होऊन लाल दिवा जातो, मग थोड्या वेळानं परत लागतो. वीस-पंचवीस मिनिटं झाली, दिवा गेलाच नाही, तर बंद करा आणि थर्मोस्टॅट बदलेपर्यंत वापरू नका. वरच्या ताईंच्या ओव्हनचं एक बरं आहे, सेन्सरची तार तुटली तर बोर्ड एरर देऊन थांबतो. तुमच्यात द्रव गळलं तर थांबवणारं कुणी नाही, फार तर फार तापलं की वीज तोडणारा एक थर्मल कटआउट असतो, तोही कुणी "वारंवार ट्रिप होतो" म्हणून बायपास करून ठेवला असेल तर संपलंच. कटआउट बायपास करणाऱ्याला घरात घेऊ नका.

नवीन थर्मोस्टॅट घेताना जुना सोबत न्या. टेम्परेचरची रेंज, बल्बची लांबी, नळीची लांबी, नॉबची दांडी आणि ॲम्पिअर, हे सगळं जुळलं पाहिजे. आणि हो, एक राहिलं, दिवा वेळेवर जातो आणि तरी नुसता खालचा भाग करपतो तर थर्मोस्टॅटला दोष देऊ नका, ट्रे मधल्या खणात ठेवा. ओटीजीत खालचा रॉड ट्रेच्या फार जवळ येतो, आणि काळा ट्रे चकचकीत ट्रेपेक्षा जास्त ओढतो.

प्रश्न (वाडी, एक वाचक) : सकाळी ओव्हन बारा मिनिटांत प्रीहीट होतो, संध्याकाळी सातनंतर लावला तर वीसच्या वर. सेन्सर संध्याकाळी खराब आणि सकाळी चांगला असं होऊ शकते का?

उत्तर : भाऊ, सेन्सरला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, व्होल्टेजला कळते. सातला अख्ख्या लाइनीतले एसी आणि कूलर सुरू होतात, व्होल्टेज पडतं, आणि हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० चं १९० झालं तर ताकद ६८ टक्क्यांवर येते, १५०० वॅटचा हीटर जेमतेम हजार-सव्वाहजारच्या मधला राहतो. तोच मल्टिमीटर एसीच्या ७५० रेंजवर ठेवून ओव्हन चालू असताना शेजारच्या सॉकेटात व्होल्टेज बघा, हात कोरडे आणि पायात चप्पल. रोजच १९०-२०० येत असेल तर वीज कंपनीकडं तक्रार टाका. एकट्या ओव्हनच्याच सॉकेटात पडत असेल आणि बाकी घरात ठीक असेल तर तुमची वायरिंग पातळ आहे किंवा सॉकेट जळून राहिलाय, ते आधी दाखवा.

प्रश्न (लक्ष्मीनगर, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी) : सर, ओव्हनचा ओरिजिनल सेन्सर महाग सांगून राहिले. हिंगणा एमआयडीसीत मित्राच्या कारखान्यात पीटी-१०० पडलेले असतात, आणि माझ्याकडं थ्रीडी प्रिंटरचा १०० के (१०० किलो-ओहम) चा थर्मिस्टरही आहे. यातलं काही चालेल?

उत्तर : बेटा, डोकं चालून राहिलं हे चांगलं, पण दोन्ही नको. पीटी-१०० म्हणजे शून्याला १०० ओहम. तुझा बोर्ड हजाराच्या पुढचं बघायला बसलाय, त्याला शंभर-दीडशे दिसले की तो शॉर्ट समजून एरर देईल, ओव्हन चालणारच नाही. थर्मिस्टरची चाल तर उलटी आहे, गरम झाला की रेझिस्टन्स कमी होतो. आता मजा बघ, प्लॅटिनमवाल्यात जोड गंजला की ओव्हन थंड चालतो, पण ज्या ओव्हनमध्ये मुळातच थर्मिस्टर आहे त्यात जोड गंजला की बोर्डाला वाटतं आत गारच आहे आणि तो तापवतच सुटतो. म्हणून आधी आपल्या ओव्हनमध्ये काय आहे ते बघायचं. साधा नियम असा, आत्ताच्या नागपूरच्या गर्मीत अकराशे-साडेअकराशे ओहम आले तर पीटी-१०००, किलो-ओहममध्ये आले तर थर्मिस्टर. १०० के वाला २५ डिग्रीला १०० के असतो, ४५ ला निम्म्याच्याही खाली येतो, तेव्हा तोही "गेला" म्हणून फेकू नको.

कंपनीचा न घेता दुसरा घ्यायचाच असेल तर पीटी-१०००च, तोही ओव्हनसाठी बनवलेला, स्टीलची नळी आणि ३०० डिग्रीच्या वर चालणारी वायर असलेला. आणि तुझं मशीन कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कव्हरचा स्क्रूसुद्धा काढायचा नाही. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका चार्ज धरून ठेवू शकतो. तिथं शिकाऊपणा चालत नाही.

प्रश्न (सदर, एक काकू) : आमच्याकडं कोविडमध्ये घेतलेली कपाळावर धरायची गन आहे. तिनं ओव्हनचं टेम्परेचर मोजता येईल का? वेगळं थर्मामीटर घ्यायचं जिवावर येते.

उत्तर : नाही काकू, ती गन तापाच्याच आकड्यांपुरती बनवलेली असते, ओव्हनवर धरली तर नुसतं "हाय" दाखवेल. कारखान्यातली मोठी गनसुद्धा हवा मोजत नाही, समोरचा पृष्ठभाग मोजते, आणि चकचकीत स्टीलवर धरली की खूप कमी दाखवते. काचेतून तर मोजायचंच नाही, ती काचेचंच टेम्परेचर सांगते, आणि दार उघडलं की आतली गर्मी भसकन बाहेर.

खर्च करायचाच नसेल तर साखर वापरा. साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते. फॉईलची छोटी वाटी करून त्यात दोन चमचे साखर, मधल्या जाळीवर. ओव्हन १७५ वर आधी नीट, अर्धा-पाऊण तास तापवून घ्या, मग वाटी पंधरा मिनिटं आत ठेवा. साखर कोरडी राहिली पाहिजे, कडेनं जराशी पिवळी पडली तर चालेल. मग दुसरी वाटी १९० वर, ओव्हन परत स्थिर झाल्यावर, पंधरा मिनिटं. ही वितळायला पाहिजे. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन गरम चालतोय, १९० लाही दाणे तसेच तर थंड. किती डिग्रीचा फरक ते साखर सांगणार नाही, पण मेकॅनिकला बोलवायचं की नाही एवढं नक्की सांगेल. वाटी काढताना हलवू नका, वितळलेली साखर हाताला चिकटली तर वाईट भाजतं, आतच थंड होऊ द्या. आणि दाराचं रबर तेवढं बघून घ्या काकू, दार लावताना कागदाची पट्टी अडकवा, ती सहज ओढून निघाली तर गर्मी तिथूनच चालली, मग साखरेचाही अंदाज चुकेल आणि सेन्सरचाही.